टाकी वर, टाकी खाली
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

1971 च्या ऑगस्टमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवले. त्या मैदानाचे छायाचित्र पाहिले असेल, तर भिंतीपलीकडचा उंच, गोल लोखंडी सांगाडा आठवत असेल. तो क्रिकेटचा नव्हे, गॅसचा. कोळशापासून केलेला गॅस तिथे साठवीत. मुंबईतही 1860 च्या दशकात रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. लालबागच्या गॅस कंपनी लेनचे नाव त्या काळातलेच.

या टाकीची युक्ती बादलीभर पाण्यात कळते. पेला पाण्यात उपडा बुडवा आणि खालून नळीने हवा फुंका. पेला वर उचलला जातो. हवा निसटत नाही, कारण कडेभोवतीचे पाणीच बूच होते. टाकी तशीच, फक्त प्रचंड. गॅस आला की वर सरकते, वापरला की खाली बसते. सांगाडा ती कलंडू नये म्हणून. मोठ्या टाक्या दुर्बिणीसारख्या एकात एक बसवलेल्या असत, आणि वर येताना प्रत्येक नळकांडे आपल्या काठाच्या पन्हळीत पाणी घेऊन येई, म्हणजे सांध्यातून गॅस जायला नको.

खरी गंमत दाबाची आहे. टाकीचे वजन गॅसवर बसते आणि गॅस नळातून ढकलला जातो. टाकी भरलेली असो की अर्धी, वजन तेच, म्हणून दाबही जवळजवळ तोच. ना पंप, ना वीज.

हे पाहायला आम्हा नाचणगावकरांना लंडन गाठायची गरज नाही. विहिरीसारख्या हौदात शेणकाला आणि त्यावर उपडी लोखंडी टाकी, हा गोबरगॅस म्हणजे त्याच घराण्यातला. जशभाई पटेलांनी 1950 च्या दशकात त्याला 'ग्रामलक्ष्मी' म्हटले. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तो गावोगाव नेला. इथे पाण्याचे काम शेणकाला करतो. दाब जेमतेम दहा सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढा, पण शेगडीला तेवढा पुरतो. टाकी मधल्या खांबाभोवती हाताने फिरवली की आतल्या पट्ट्या साय मोडतात. काही घरी हे फिरवणेच विसरले जाते आणि मग गॅस कमी येतो म्हणून बोंब होते. थंडीत मात्र तो कमी येणारच. शेणातले जंतू गारठ्यात मंदावतात, त्याचा दोष टाकीला देऊ नये.

टाकीचे दुखणे म्हणजे गंज. काठ कधी काल्यात, कधी उघड्यावर. त्याच पट्ट्यात लोखंड आधी खाते. संयंत्राच्या खर्चातला मोठा वाटा टाकीचाच, त्यामुळे छिद्र पडले की दुरुस्ती टळत राहते आणि घरची बाई पुन्हा चुलीपुढे धूर खात बसते. यावर उपाय म्हणून 1984 मध्ये 'दीनबंधू' आला. विटांचा पक्का घुमट, लोखंड नाही, खर्च कमी. गॅस साचला की शेणकाला बाहेरच्या कुंडीत चढतो आणि त्याच्या उंचीवर दाब ठरतो. म्हणजे गॅस संपत आला की दाबही घटतो, आणि किती उरला ते बाहेरून दिसत नाही. टाकी मात्र परसातून नजर टाकली तरी सांगते, आज पोळ्या होतील की फक्त चहा. स्वयंपाक करणाऱ्या बाईला हे कळणे मला खर्चाइतकेच मोलाचे वाटते. पुण्याच्या 'आरती' संस्थेत आनंद कर्वे यांनी प्लॅस्टिकच्या दोन टाक्या एकीत एक उपड्या बसवून, शेणाऐवजी उष्ट्या-खरकट्यावर चालणारे संयंत्र केले आणि संस्थेला 2006 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यात गंजायचा प्रश्नच नाही, आणि टाकी वर-खाली होते ती होतेच.

ज्यांची लोखंडी टाकी आहे, त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. गळती साबणाच्या फेसाने शोधावी. बुडबुडा उठेल तिथे छिद्र. काडी ओढून कधीही पाहू नये. ज्योत लपलपत असेल तर नळात पाणी साचले आहे, ते खालच्या तोटीने काढावे. आणि रंग द्यायचा तो उन्हाळ्यात, सगळा गॅस मोकळ्या हवेत सोडून. शेजारच्या बिडीवाल्याला त्या दिवशी दुसऱ्या ओट्यावर बसायला सांगावे.