वाफसा येईपर्यंतचा एक दिवस

हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज एक साधा प्रश्न विचारते. तुम्ही शेवटच्या एसटीत बसलात ते कशासाठी? कुणी म्हणेल भाचीच्या लग्नाला, कुणी दहाव्याला, कुणी दवाखान्यात, कुणी बँकेत. नुसते डोंगर बघायला कोण गेलं होतं? हात वर करा. फार थोडे हात वर होतील.

आणि डोंगर काही लांब नाहीत. आपला खानदेश दोन डोंगररांगांच्या मधे वसलाय. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून तापी. निंदताना कंबर दुखली म्हणून उभं राहिलं, की शेताच्या टोकाला जी निळी रेघ दिसते, तीच ही. जन्मभर ती रेघ बघायची आणि जवळ कधी जायचं नाही, असं का?

कारण बाईला अचानक निघता येत नाही. घरातल्या गड्याला वाटलं, की तो मोटारसायकलला किल्ली लावतो आणि जातो. आपल्याला वाटलं, तर गुरांचा चारा, लहानग्याची शाळा, नळाचं पाणी, सासूबाईंचं औषध, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. मग मनच म्हणतं, जाऊ दे, पुढच्या वर्षी. म्हणून मी म्हणते, आपल्याला अचानक निघायचं असेल, तर त्याची तयारी आधीपासून करून ठेवावी लागेल. ती एकटीला जमत नाही. गटाला जमते.

आधी दिवस कोणता, ते बघू. पावसाळ्यात चार दिवस झड लागते. मग आभाळ उघडतं, ऊन पडतं, पण आपली काळी जमीन लगेच पाय घालू देत नाही. वाफसा येईपर्यंत ना निंदणी, ना कोळपणी. रोजंदारीलाही कुणी बोलवत नाही. तो दिवस रोज बुडाल्याच्या काळजीत जातो. पण डोंगर सगळ्यांत हिरवा असतो तोही त्याच दिवशी.

आता तयारी. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. पहिली, पाळी. दहा जणी असाल, तर सात जणी जातील, तीन जणी मागे राहून सगळ्यांची गुरं आणि पोरं बघतील. पुढच्या वेळी त्या तिघी नक्की जातील. दुसरी, पैसे. बचतीला हात लावायचा नाही. ज्यांना जमेल त्यांनी दरमहा दहा-वीस रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत राज्यभर बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणून खर्च आवाक्यात येतो. तिसरी, घरचा होकार. तो निघायच्या दिवशी मागू नका, आजच बोलून ठेवा. आणि सासूबाईंना बरोबर न्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, फक्त ओळखपत्र जवळ हवं. सासूबाई स्वतःच निघाल्या, की घरात कोण नाही म्हणणार?

जायचं कुठे? चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी आहे. धुळ्याकडच्या बायांना चाळीसगावची रेल्वे आहे, जळगाव-पाचोऱ्याकडच्यांनाही. पुढची गाडी आगारात विचारा, नाहीतर सात जणी मिळून रिक्षा किंवा जीप करा. कपाशी-मक्याची शेतं मागे पडतात आणि डोंगर हळूहळू अंगावर येतो. डोंगरी नदी, चंडिकेचं जुनं दगडी मंदिर, भोवती गौताळा-औट्रामघाट अभयारण्याचं रान, वरून कोसळणारं पाणी.

याच पाटणला आठशे वर्षांपूर्वीचा एक शिलालेख सापडला. त्यात लिहिलंय, की थोर गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, इथे मठ काढला. भास्कराचार्यांच्या गणिताच्या ग्रंथाचं नाव ‘लीलावती’. ही त्यांची लेक, असं परंपरेने सांगतात. पोरीला समोर बसवून विचारावीत तशी उदाहरणं त्यात आहेत, व्याजाचीसुद्धा. गटाच्या वहीत व्याज मांडणाऱ्या बाईने तिथे जाऊन यायलाच हवं, नाही का?

रावेर-यावलच्या मैत्रिणींना पाल आणि मनुदेवी जवळ आहे, चोपड्याच्या बायांना उनपदेवचे गरम पाण्याचे झरे, धुळ्याला लळिंगचा किल्ला. तोरणमाळ सुंदर आहे, पण ते एका दिवसाचं काम नाही. तिथे मुक्कामच हवा.

आता जिवाची गोष्ट. ३१ ऑगस्ट २०२१ ला एका रात्रीच्या पावसाने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगावात पूर आला. म्हणून झड चालू असताना निघायचं नाही, पूर्ण उघडल्यावरच निघायचं. निघण्याआधी आगारात फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारायचं. आपल्या डोक्यावर ऊन असलं, तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. पाणी एकदम गढूळ झालं, आवाज वाढला, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, की क्षणाचाही विचार न करता काठावर या. धबधब्याखाली उभं राहून फोटो नको. उतरल्याबरोबर पहिलं काम म्हणजे परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारणं. चार वाजता सगळ्या जणी एका जागी.

जेवण घरचंच. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कांदा. दशमी दुसऱ्या दिवशीही चांगली राहते, आपल्या आज्यांनी ती प्रवासासाठीच तर केली. प्लास्टिकच्या पिशव्या परत आणा, माकडांना खाऊ घालू नका.

आणखी एक. आपण डोंगर बघायला जातो, पण तिथल्या पावरा, तडवी, भिल्ल बायांचं ते रोजचं रान आहे. डोक्यावर मोळी घेऊन जाणारीला वाट द्या, न विचारता तिचा फोटो काढू नका. ती काही विकत असेल, तर भाव न पाडता घ्या. दोन शब्द बोला. तिचंही निंदणीचं, पाण्याचं, पोरांचं बोलणं आपल्यासारखंच निघेल.

कुणी विचारेल, यातून मिळणार काय? संध्याकाळी घरी आल्यावर भांडी तीच आणि चूलही तीच. पण वर्षभर शेतात कंबर सरळ केली, की त्या निळ्या रेघेत कुठे देऊळ आहे, कुठे पाणी पडतं, कुठे आपण सात जणी बसून जेवलो, हे ठाऊक असेल. आणि पुढे कधी एकटीने तालुक्याला, बँकेत, दवाखान्यात जायची वेळ आली, तर आगारातल्या खिडकीशी गाडी विचारताना आवाज कापणार नाही.

तर मग, पुढच्या बैठकीच्या वहीत बचत आणि कर्जाच्या खाली एक ओळ वाढवा: वाफशाच्या दिवशी कोण जाणार, कोण थांबणार. येते मी. नमस्कार.