राजीनामा देणारा सेवक : चिंतामणराव देशमुख



समाजवादी कार्यकर्त्यांच्या व्यासपीठावरून एका आय. सी. एस. अधिकाऱ्याचे स्मरण व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे काही आपल्या पंथाचे नव्हते. १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला ते पहिले आले, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले, आणि १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेतही पहिले आले. पुढची दोन तपे त्यांनी इंग्रज सरकारची चाकरी केली, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही.

१९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४९ साली त्यांच्याच कारकीर्दीत ती बँक राष्ट्राच्या मालकीची झाली. अर्थमंत्री असताना, १९५५ साली, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. राष्ट्रीयीकरणाचे ठराव आपण अधिवेशनांतून पुष्कळ केले. त्यांतल्या काहींवर अखेर सही झाली ती या अबोल, संस्कृतप्रेमी कारभाऱ्याची!

पण त्यांची खरी परीक्षा १९५६ च्या जानेवारीत झाली. १६ तारखेला पंतप्रधान नेहरूंनी नभोवाणीवरून जाहीर केले की, मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली, गोळीबार झाले, माणसे पडली. १९ तारखेला त्याच नभोवाणीवरून चिंतामणरावांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. हाती घेतलेले काम त्यांनी टाकले नाही. आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या हाती राजीनामाही दिला. तो स्वीकारला जाण्यास जुलै उजाडला. लोकसभेतील त्यांचे निवेदन केवळ मराठी माणसाच्या दुखावलेल्या अभिमानाचे नव्हते. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा त्यांचा आक्षेप होता. नेहरूंना तो मान्य नव्हता. पण कुलाब्याच्या मतदारांनी १९५२ साली निवडून दिलेल्या या माणसाने खुर्चीपेक्षा रीत मोठी मानली. फायलींवर आयुष्य घालविलेल्या माणसाला सरकारी शिस्तीतूनच हे बळ मिळाले असावे. आपण नोकरशाहीला एका दमात झोडपतो, तेव्हा हा भेद विसरतो.

पुढे विद्यापीठ अनुदान मंडळ आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. १९६९ साली स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले, तिसरे आले. ती संगत आपल्याला पटण्यासारखी नव्हती. मोठ्या माणसाच्या स्मरणात अशा जागा गाळू नयेत.

त्यांचा संसार मात्र वेगळाच होता. पहिली पत्नी रोझिना ही इंग्रज. तिच्यापासून एक कन्या. रोझिना १९४९ साली वारली. १९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी नोंदणी विवाह केला, साक्षीदार खुद्द नेहरू. तीनच वर्षांनी ज्यांच्याविरुद्ध उभे राहावयाचे, ते हेच! दुर्गाबाई राजमहेंद्रीच्या, बालपणीच लग्न लावून दिलेल्या आणि मोठेपणी ते बंधन नाकारणाऱ्या. १९३० ते १९३३ या काळात त्या तीनदा तुरुंगात गेल्या. चिंतामणराव १९३१ साली लंडनला दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम करीत होते. सत्याग्रही आणि सनदी अधिकारी यांचे हे घर अट्ठावीस वर्षे टिकले. दोघांनाही १९७५ साली पद्मविभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर मराठी मुलखात परतण्याऐवजी चिंतामणराव हैदराबादेत, दुर्गाबाईंच्या कार्यक्षेत्रात, राहावयास गेले. नवऱ्याच्या गावी बायकोने जावे, हा आपला रिवाज. येथे उलट घडले, आणि त्याचा गाजावाजा झाला नाही. दुर्गाबाईंनी १९८० साली सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावात आधी ‘चिंतामण’ आणि मग ‘मी’ असा क्रम ठेवला. ९ मे १९८१ रोजी त्या गेल्या. चिंतामणराव त्यानंतर दीड वर्षही राहिले नाहीत. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेतच त्यांचे निधन झाले.