पाहणे, मोजणे आणि जाणणे : कंपवात आणि कॅमेरा



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानात वैद्यकाचा विषय यावा, याचे कोणास आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. गोमंतकातील मराठी वाचनालयांनी केवळ कथा-कादंबऱ्या वाचायला दिल्या असे नाही. जगातील नवे ज्ञान आपल्या भाषेत समजून घेण्याची सवयही त्यांनी लावली. आजचा विषय त्या सवयीला धरूनच आहे. माणसाच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपून त्यांवरून कंपवाताची तीव्रता मोजण्याची एक पद्धती गेल्या काही वर्षांत आकारास येत आहे. ती काय आहे, तिच्यावर कितपत विसंबावे आणि पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांतील रुग्णाला तिचा उपयोग कोणता, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन या वैद्याने या विकारावर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे, आणि त्यांतील काही तर त्याला रस्त्यात दिसलेले. हात विसावलेला असताना थरथरतो, शरीर पुढे झुकते, चालता चालता पावले नकळत धावू लागतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. पुढे पॅरिसच्या शार्को या विख्यात मज्जाविकारतज्ज्ञाने या रोगाला पार्किन्सनचे नाव दिले. दोन शतके उलटली, मेंदूची छायाचित्रे घेणारी यंत्रे आली. तथापि या रोगाचे निदान आजही मुख्यत्वे जाणत्या डॉक्टरच्या डोळ्यांवर आणि हातांवरच अवलंबून आहे.

आपल्याकडे 'कंपवात' हे नाव आयुर्वेदाच्या परंपरेतून आले. मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक पुंजका असतो. या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करतात आणि त्याच्या बळावर शरीराच्या हालचाली सहज व डौलदार होतात. या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या की कंप, अवयवांचा ताठरपणा, हालचालींतील मंदपणा आणि तोल जाणे ही लक्षणे दिसू लागतात. या शोधाच्या इतिहासात आपल्या रानांतील दोन वनस्पतींचाही वाटा आहे. सर्पगंधेपासून काढलेले रेसर्पिन देऊन स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना निश्चल केले आणि लेव्होडोपा देऊन त्यांना पुन्हा हिंडते-फिरते केले. या कार्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो लेव्होडोपा कुळागराच्या कडेला वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत असतो, हे मद्रासच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच दाखवून दिले होते. आजही कंपवातावरचे मुख्य औषध लेव्होडोपा हेच आहे.

कंपवात म्हणजे थरथर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः काही रुग्णांना कंप नसतोच. रोगाची चाहूल पुष्कळदा फार लहान गोष्टींतून लागते. चालताना एक हात हलेनासा होतो. सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो. चेहऱ्यावरचे भाव मावळतात आणि घरच्यांना वाटते, माणूस रुसला आहे. अक्षर बारीक होत जाते. वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत एखाद्या जुन्या सभासदाची सही वर्षागणिक आकसत गेलेली दिसली, तर तो केवळ वयाचा परिणाम असेलच असे नाही. 'म्हातारपण आहे, चालायचेच' या एका वाक्याखाली गोव्यातील घराघरांत हा रोग वर्षानुवर्षे झाकलेला राहतो.

आता मोजण्याचा प्रश्न. ताप अंशांत मोजता येतो, साखर रक्तात मोजता येते. मंदपणा कशात मोजावा? १९६७ मध्ये होएन आणि यार या दोन डॉक्टरांनी रोगाच्या पाच पायऱ्या ठरविल्या. १९८७ मध्ये अधिक तपशीलवार गुणपद्धती आली आणि २००८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात डॉक्टर रुग्णाला तर्जनी अंगठ्यावर दहा वेळा टेकवायला सांगतो, शक्य तितक्या वेगाने आणि शक्य तितकी बोटे फाकवून. मग मूठ उघडणे-मिटणे, मनगट फिरवणे, टाच टेकवून पाऊल आपटणे, खुर्चीवरून उठणे, चालणे. प्रत्येक कृतीला शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे निर्दोष, चार म्हणजे कृती जवळजवळ अशक्य. पद्धती चांगली आहे, पण गुण देणारा शेवटी माणूस. एकच रुग्ण पाहून एक तज्ज्ञ एक गुण देईल, दुसरा दोन देईल. आणि एक व दोन यांच्यामध्ये जी सूक्ष्म घसरण होते, तिच्यासाठी या मापात घरच नाही.

याहून मोठी अडचण वेळेची आणि अंतराची आहे. गोव्यातील वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पासूनची. तिचा वारसा सांगणारे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आज बांबोळीला आहे. पेडणे काय, डिचोली काय, तेथवर तीसएक किलोमीटरांचा तरी प्रवास. रुग्ण पहाटे उठतो, गोळी घेतो, मुलाच्या किंवा सुनेच्या आधाराने बसमध्ये चढतो, केसपेपर काढून रांगेत बसतो आणि डॉक्टरांपुढे काही मिनिटे उभा राहतो. हा रोग तर तासातासाला रूप बदलणारा. काही वर्षांच्या उपचारांनंतर लेव्होडोपाचा परिणाम थोडेच तास टिकतो. गोळी लागू असते तोवर माणूस हिंडतो, ती उतरली की जागच्या जागी खिळतो. उलट मात्रा जास्त झाली तर अंग नको तितके वळवळू लागते. डॉक्टरांना त्या काही मिनिटांत यांतले नेमके कोणते रूप दिसेल, हा योगायोगच. घरी पहाटे चार वाजता कूस बदलता येत नाही, हे त्यांना कसे दिसणार? आणि गोळीची मात्रा व वेळ तर या रूपांवरूनच ठरवायची असते. चुकीच्या वेळी पाहिलेल्या रुग्णाला चुकीची मात्रा मिळाली, तर त्याचे पुढचे कित्येक महिने वाया जातात. कॅमेऱ्याचे महत्त्व आहे ते येथे.

हालचाल कॅमेऱ्याने पकडण्याची कल्पना जुनी आहे. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज याने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवून दिले. नुसत्या डोळ्यांना ते कधीच ठामपणे सांगता आले नव्हते. शिगम्यात घोडेमोडणीचे पदन्यास पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलेल्या डिचोली-पेडण्याच्या माणसाला यातले मर्म चटकन उमजेल. ठेका डोळ्यांना भावतो, पण पाऊल नेमके केव्हा उचलले हे डोळा सांगू शकत नाही. फ्रान्समध्ये मारे यानेही हालचालींची अशीच छायाचित्रे घेतली आणि शार्कोच्या रुग्णालयात छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग निघाला. विसाव्या शतकात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. रुग्णाच्या सांध्यांवर चकाकणारे ठिपके चिकटवायचे आणि भोवती बसविलेल्या अनेक कॅमेऱ्यांनी ते टिपायचे. अचूकता उत्तम, पण खर्च अफाट, आणि रुग्णाने तेथवर जायला हवे.

गेल्या दशकात संगणकाला ठिपक्यांशिवाय माणसाचे सांधे ओळखता येऊ लागले. २०१७ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातून 'ओपनपोज' आणि २०१९ मध्ये गूगलकडून 'मीडियापाइप' या प्रणाली आल्या. साध्या मोबाइलने घेतलेल्या चित्रफितीतील प्रत्येक चित्रात दुसरी प्रणाली हाताचे एकवीस बिंदू शोधते. मोबाइल सेकंदाला साधारण तीस चित्रे घेतो. प्रत्येक चित्रात अंगठ्याचे टोक आणि तर्जनीचे टोक यांमधील अंतर मोजले की एक वर-खाली जाणारी रेषा मिळते. तिच्यावरून चार गोष्टी वाचता येतात : बोटे किती फाकली, किती वेगाने हलली, मध्ये कोठे अडखळली आणि पहिल्या टेकीपासून दहाव्या टेकीपर्यंत आवाका किती घटत गेला. यातली शेवटची गोष्ट कंपवाताची खास खूण होय. लयभास्कर खाप्रूमाम पर्वतकरांच्या गोमंतकात हे वेगळे समजावून सांगायला नको. तबलजीचा हात थकला तर त्याची लय ढिली पडते, हे जाणत्या श्रोत्याला कळते. ती कितव्या मात्रेपासून आणि किती ढिली पडली हे सांगणारे साधन आता हाती आले आहे, एवढाच फरक. विसाव्यातील कंप सेकंदाला साधारण चार ते सहा आंदोलनांचा असतो; तोही याच रीतीने मोजता येतो.

या साधनाची परीक्षाही झाली आहे. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये २५० व्यक्तींच्या बोटे टेकवण्याच्या चित्रफिती अभ्यासल्या. त्या संगणकाच्या साध्या कॅमेऱ्यासमोर, बहुतांशी घरीच घेतलेल्या होत्या. शून्य ते चार या मापावर तज्ज्ञांची सरासरी चूक ०.५३ भरली, संगणकाची ०.५८ आणि गुण देण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या पण तज्ज्ञ नसलेल्या चिकित्सकांची ०.८३. याचा अर्थ नीट लावला पाहिजे. यंत्र तज्ज्ञाच्या पुढे गेलेले नाही. परंतु जेथे तज्ज्ञ नाही, तेथे ते उपयोगी पडू शकते. २०२५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी अशा चित्रफितींचे विश्लेषण करणारी 'व्हिजनएमडी' ही प्रणाली कोणालाही वापरता यावी म्हणून खुली केली.

तथापि प्रत्येक साधनाला मर्यादा असतात आणि त्या न सांगता त्याची स्तुती करणे हा रुग्णाशी अप्रामाणिकपणा ठरेल. कॅमेऱ्याला ताठरपणा दिसत नाही. तो डॉक्टरने रुग्णाचे मनगट हातात घेऊन, कोपर हलवूनच जाणावा लागतो. झोपमोड, मलावरोध, गंध न कळणे, मनाची उदासी हीही या रोगाची अंगे, आणि ती कोणत्याही चित्रफितीत उमटत नाहीत. काही औषधांनीही अशीच लक्षणे उद्भवतात. थरथरणारा प्रत्येक हात कंपवाताचा नसतो. तेव्हा कॅमेरा तीव्रता मोजील, निदान करणार नाही. शिवाय चालण्याच्या चाचणीत लुगडे वा लुंगी गुडघे झाकते, माजघरातला उजेड अपुरा पडतो, कोन बदलला की माप बदलते. या प्रणाली बहुतांशी परदेशांतील माणसांच्या चित्रांवर घडविलेल्या आहेत. आपल्या माणसांवर, आपल्या घरांत त्या पारखून घ्यायला हव्यात. आणि चित्रफीत हा रुग्णाच्या असहायतेचा पुरावा असतो. तो कोणाच्या हाती जातो, हे विचारण्याचा अधिकार रुग्णाचा आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीचे तत्त्व मान्य केलेच आहे.

सर्वांत मोठा धोका मात्र निराळाच आहे. तज्ज्ञ दूर आहे म्हणून कॅमेरा आणला, आणि कॅमेरा आहे म्हणून तज्ज्ञ नको असे ठरले, तर खेड्यातील रुग्णाच्या वाट्याला केवळ आकडा येईल, मनगट धरणारा हात येणार नाही. कॅमेऱ्याने अंतर तोडावे, अंतराला कायमची मान्यता देऊ नये. पेडणे व डिचोली येथील आरोग्य केंद्रांत एखाद्या परिचारिकेला चित्रण शिकविता येईल. घरच्यांनी गोळीपूर्वी, गोळीनंतर तासाभराने आणि पुढच्या गोळीच्या आधी अशा तीन लहान चित्रफिती घेतल्या, त्यांवर वेळ नोंदविली, तर बांबोळीच्या त्या काही मिनिटांत डॉक्टरांसमोर रुग्णाचा सगळा दिवस उभा राहील. यासाठी संगणकाची प्रणालीही लागेलच असे नाही. जाणत्या डॉक्टरला नुसती चित्रफीतही पुष्कळ सांगते.

माणसे शोधत दारापर्यंत गेले की काय हाती लागते, याचे उदाहरण मुंबईचे आहे. तेथील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे ३२८ रुग्ण आढळले. २००१ मध्ये मुंबईत या रुग्णांसाठी संस्था स्थापन झाली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व कुटुंबीय यांना एकत्र आणते. तेथे रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही चालले. ठेका धरला की अडलेले पाऊल सुटते, हा अनेक रुग्णांचा अनुभव आहे. दशावताराच्या आणि फुगडीच्या या प्रदेशात त्याचा विचार व्हावयास हरकत नाही.

वाचनालयाने यात काय करावे? या विषयावरील मराठी पुस्तके व माहितीपत्रके ठेवावीत, वर्षातून एकदा डॉक्टरांना बोलवावे, रुग्णांच्या घरच्यांना एकत्र बसण्यासाठी एक संध्याकाळ आणि एक खोली द्यावी. आणि नेहमीचा सभासद पुस्तक बदलायला येईनासा झाला, तर त्याच्या घरी कोणी तरी जाऊन यावे. मापाची साधने पुढेही सुधारत जातील. त्यांच्यापर्यंत माणूस पोचविण्याचे काम शेजाऱ्यांचेच राहील. शंभर वर्षे ज्यांनी एकमेकांना पुस्तके पोचविली, त्यांना हे कामही जड जाऊ नये.