टाकीतलं धान्य

आपल्या राज्यात ज्वारीची आणि भट्टीची गाठ आधी दारूनं घालून दिली. धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण सरकारनं २००७ साली आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आता तसाच मद्यार्क इथेनॉल या नावानं पेट्रोलमध्ये मिसळतात, पण ओरड फारशी ऐकू येत नाही. दारूला नाक मुरडणारे आपण, गाडीच्या बाबतीत मात्र उदार असतो.

इथेनॉलवर धावणारी देशातली पहिली बस २०१४ मध्ये याच नागपुरात फिरली. त्या वेळी बोलणं उसाच्या मळीचं होतं. पुढे तांदूळ आला, मका आला. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर पोचलं.

आता थोडा हिशेब. एका क्विंटल मक्यातून साधारण अडतीस लिटर इथेनॉल निघतं. म्हणजे दहा लिटर पेट्रोल भरलं आणि त्यातलं इथेनॉल मक्याचं असलं, तर सव्वापाच किलो मका टाकीत गेला. आमच्याकडे जमिनीवर पडलेला भाकरीचा तुकडा उचलून, फुंकर मारून उंचावर ठेवतात. पेट्रोल पंपावर मला हटकून ते आठवतं.

मेक्सिकोत २००७ च्या जानेवारीत लोक मक्याच्या रोटीसाठी रस्त्यावर आले होते. अमेरिकेतला मका इथेनॉलकडे वळला, हे त्या भाववाढीचं एक कारण मानलं गेलं. आपल्याकडेही २०२३ च्या जुलैमध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणं थांबवावं लागलं. नंतर तो पुन्हा सुरू झाला. मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून मका आणू लागला. खनिज तेलाची आयात कमी करायची म्हणून धान्य आयात करायचं, हे गणित मला तरी उमगत नाही.

मक्याला भाव मिळाला, शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले, हे खरंच आहे. ते नाकारणारा मी कोण? पण आपल्या विदर्भाचं दुखणं वेगळं आहे. इथेनॉल काढल्यावर धान्याचा चोथा उरतो. त्यात प्रथिनं भरपूर, आणि तो सोयाबीनच्या पेंडेपेक्षा स्वस्त. कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात तो शिरला, तशी पेंडेची मागणी घटली. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजार समित्यांमध्ये मात्र चार हजारांच्या आसपासच बोली लागत होती. स्वस्त आयात तेलाचाही त्यात हात होता, पण चोथ्याचाही होताच. म्हणजे एका शेतकऱ्याच्या कणसाला भाव आला आणि दुसऱ्याच्या शेंगेचा गेला. उलट कोंबडीवाल्याला मका महाग पडला, तो वेगळाच.

कारखान्यांना परवाने देताना हे सगळे हिशेब एकाच टेबलावर मांडायला हवे होते. इथेनॉलचा दर आधी जाहीर होतो आणि तो कारखान्याला मिळतो. सोयाबीनचाही होतो, पण तो मिळवण्यासाठी आमचा शेतकरी सरकारी खरेदी केंद्रासमोर रांगेत उभा असतो, आणि ओलावा जास्त म्हणून त्याचा माल परत येतो.