लोणी, मीठ आणि वेगळेपण
(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



कोणी कोणाची खुशामत करू लागला, की ‘पोल्सन लावतो आहे’ असे मुंबईच्या बोलीत एके काळी म्हणत. सभागृहातील ज्येष्ठांना हा वाक्प्रचार आठवत असेल. तरुणांना मात्र त्याचा अर्थ सांगावा लागेल. पोल्सन हे लोण्याच्या एका छापाचे नाव. एका पारशी उद्योजकाचा हा माल बाजारात इतका रुजला होता, की लोणी म्हणजे पोल्सन हे समीकरणच होऊन बसले होते. ज्या मालाचे नाव असे भाषेत शिरले, त्याच्या शेजारी दुसऱ्याने आपला माल मांडावा तरी कसा? व्यापारउदीमात पडलेल्या आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांपुढे आज हाच प्रश्न उभा असतो. गुजरातेतील आणंद गावी तो काही शेतकऱ्यांपुढे उभा राहिला होता.

त्या शेतकऱ्यांचे दूध पोल्सनच घेत असे, आणि भावही पोल्सनच ठरवी. १९४६ च्या जानेवारीत समरखा गावी सभा भरली आणि पोल्सनला दूध न घालण्याचा निर्धार झाला. पंधरा दिवस संप चालला. त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. आरंभी दूध जमे ते दिवसाला सुमारे २५० लिटर. त्रिभुवनदास पटेलांचे नेतृत्व, १९४९ मध्ये आणंदला आलेले व्हर्गीस कुरियन आणि त्यांचे अभियंता मित्र हरिचंद दलाया, एवढ्या बळावर पुढे ‘अमूल’ हे नाव उभे राहिले. मूळ शब्द आपल्या ओळखीचा आहे: अमूल्य.

आता खरी गंमत. संघाने ताज्या सायीचे निर्मळ लोणी काढले आणि बाजारात ठेवले. ग्राहकाने चाखले आणि नाक मुरडले! पोल्सनची साय काही दिवस आंबवलेली असे. त्यामुळे लोण्याला एक उग्र गंध येई, आणि वर भरपूर मीठ. जिभेला तीच सवय जडलेली. ताजे लोणी तिला अळणी वाटले. त्यातून म्हशीच्या दुधाचे लोणी पांढरे. गोकुळातले लोणीही पांढरेच असणार. पण पावावरचे लोणी पिवळेच असले पाहिजे, असे शहराने ठरवून टाकले होते. अखेर अमूलला लोण्यात मीठ घालावे लागले, रंग द्यावा लागला आणि त्या गंधासाठी खाण्यास मान्य असलेले सुगंधी द्रव्यही मिसळावे लागले. ही तडजोड होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपला माल अधिक चांगला आहे एवढ्याने तो वेगळा म्हणून स्वीकारला जात नाही. ग्राहकाला आधी त्यात ओळखीचे काही सापडावे लागते.

परप्रांतातील मराठी शाळेला हा अनुभव अनोळखी नाही. प्रवेशाच्या दिवसांत पालक प्रथम विचारतात, ‘शेजारच्या शाळेत आहे ते इथे आहे ना?’ आणि मग विचारतात, ‘तिथे नाही असे इथे काय आहे?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कितीही सुंदर असले, तरी पहिला टाळून तिथवर पोहोचता येत नाही. मीठ घालावेच लागते. किती घालायचे, यावरच सारे वाद होतात.

अमूलने चवीत माघार घेतली, पण दुसरीकडे घेतली नाही. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. दलायांनी ती करून दाखवली. १९५५ साली, सरदार पटेलांच्या जयंतीला, ३१ ऑक्टोबर रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. हिवाळ्यात उदंड येणारे दूध आता वाया जाणार नव्हते आणि शेतकऱ्याला ते पडेल भावाने विकावे लागणार नव्हते. गावोगावच्या संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचे, स्निग्धांश मोजायचा आणि त्याप्रमाणे दाम द्यायचे, ही रीत प्रतिस्पर्ध्याला उचलता येण्याजोगी नव्हती. तिच्यासाठी मालकीच सोडावी लागली असती.

मग राहिला चेहरा. पोल्सनच्या जाहिरातीत एक मुलगी असे. १९६६ मध्ये सिल्वेस्टर दाकुन्हा यांच्याकडे अमूलच्या लोण्याची जाहिरात आली आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या झग्यातली, निळ्या केसांची खट्याळ पोर रेखाटली. मुंबईच्या रस्त्यांवरील फलकांतून ती ताज्या घडामोडींवर बोलू लागली. घटना शिळी होण्याआधी फलक लागला पाहिजे, म्हणून कुरियन यांनी मजकूर आधी दाखवण्याची अटच ठेवली नाही. प्रत्येक कागदावर पाच सह्या घेणाऱ्या आपल्या समाजात हा विश्वास लोण्याहून दुर्मिळ म्हणावा लागेल.

या कहाणीत मराठी माणसाचाही एक धागा आहे. तिच्यावर बेतलेला श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ हा चित्रपट १९७६ मध्ये आला. पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि प्रमुख भूमिकांत आपली स्मिता पाटील. चित्रपटाला पैसा पुरवला तो गुजरातेतील पाच लाख दूध उत्पादकांनी, प्रत्येकी दोन रुपये देऊन. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ही मंडळी ट्रक भरभरून गावांतून निघाली, आपला चित्रपट पाहायला.