दोन गावं, एक रजिस्टर



"तू कॉम्प्युटरमध्ये नक्की करतेस तरी काय?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एका कामाबद्दलच बोलते.

एका रक्तपेढीची दोन केंद्रं, पुण्यात आणि नाशिकला. दोन्हीकडे डेटाबेस. मधली लाइन तुटली तरी दोन्हीकडे नोंदी चालू राहाव्यात, अशी मागणी होती. याला मल्टी-मास्टर रेप्लिकेशन म्हणतात. आपल्या शाळेचं जनरल रजिस्टर एकच होतं, ऑफिसच्या कपाटात. त्याच्या दोन प्रती दोन गावांत असत्या आणि दोन्हींत लिहायची मुभा असती, तर काय झालं असतं?

नवे अनुक्रमांक देणं सोपं. एकीकडे विषम, दुसरीकडे सम. मायएसक्यूएलमध्ये ते दोन सेटिंगचं काम आहे. खरी धास्ती वेगळीच. लाइन बंद असताना ओ निगेटिव्हची एकच पिशवी दोन्ही केंद्रांनी दोन रुग्णांसाठी राखून ठेवली तर?

गॅलेरासारख्या पद्धतीत प्रत्येक व्यवहार पक्का होण्याआधी सगळ्या सर्व्हरांत पडताळला जातो. पण सर्व्हर दोनच आणि लाइन तुटली, तर बहुमत कुणाकडेच नाही, दोघंही थांबतात. दुसरी पद्धत म्हणजे आधी लिहा, मागाहून जुळवा, आणि तंटा झालाच तर शेवटची नोंद खरी धरा. फोन नंबरला हे चालतं. रक्ताला कसं चालेल?

आम्ही ठरवलं, पिशवी ज्या केंद्राच्या फ्रीजमध्ये, तिची नोंद बदलायचा हक्क त्याच केंद्राचा. दुसऱ्याने मागणी नोंदवायची. लाइन नसेल तर सरळ फोन करायचा. "फोन?" म्हणून मीटिंगमध्ये नाकं मुरडली गेली. मला मात्र या रचनेतला तोच भाग सगळ्यांत आवडतो.

रक्तदात्याच्या माहितीतला 'शेवटचं रक्तदान' हा रकाना काढूनच टाकला. जुन्या तारखेने नवी तारीख पुसली गेली, तर पुरुषाचे 90 किंवा स्त्रीचे 120 दिवस भरायच्या आत पुन्हा रक्त घेतलं जायचं. आता प्रत्येक रक्तदानाची वेगळी ओळ असते. कुणी कुणाची ओळ खोडत नाही. तरीही लाइन बंद असताना, काल पुण्यात रक्त दिलेला माणूस आज नाशिकला आला, तर संगणकाला ते कळणार नाही. तिथे टेबलापलीकडच्या बाईंनीच विचारायचं, "याआधी रक्त कधी दिलंत?" हा प्रश्न छापील फॉर्मवर होताच. तो आम्ही काढू दिला नाही.