आमच्या कुंकवाच्या नावानं लढाई नको
(पहूर, ता. जामनेर येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



कापूस वेचणीचे दिवस असूनही तुम्ही एवढ्या जणी आलात. कित्येकींचा आजचा रोज बुडाला असेल, म्हणून फार वेळ घेणार नाही.

मघाशी एकीनं विचारलं, "ताई, लढाईचं दिल्लीवाले बघतील, आपला काय संबंध?" संबंध आहे. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानवर जी कारवाई झाली, तिला नावच आपल्या कपाळावरचं दिलं होतं, 'सिंदूर'. त्याआधी २२ एप्रिलला पहलगामला दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली. त्यांत सहा जण आपल्या महाराष्ट्रातले. बायकांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या नवऱ्यांना गोळ्या घातल्या. त्या बायकांचं दुःख आपलंच आहे. पण त्यांच्यातलीच एक हिमांशी नरवाल, जिच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता, ती म्हणाली की मुसलमानांवर, काश्मिरींवर राग काढू नका. आम्हाला शांतता हवी आणि न्याय हवा. तर तिच्यावर काय घाण ओतली लोकांनी! म्हणजे कुंकू बाईचं, पण त्याबद्दल तिनं बोलायचं नाही.

ही रीत जुनी आहे. १९४७ च्या फाळणीत दोन्हीकडे मिळून पाऊण लाखाच्या आसपास बायका पळवल्या गेल्या, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांना शोधून परत पाठवायचं दोन्ही सरकारांनी ठरवलं आणि १९४९ साली आपल्याकडे त्यासाठी कायदा झाला. पळवलेली व्यक्ती कोणाला म्हणायचं? मुलगा असेल तर सोळा वर्षांच्या आतला. आणि बाई असेल तर कुठल्याही वयाची! चाळीस वर्षांची बाईसुद्धा कायद्याच्या लेखी अजाण. तुला जायचंय का, हे तिला विचारायचं बंधन नव्हतं. काही जणी नरकातून सुटल्या, घरी गेल्या, ते चांगलंच झालं. पण काहींचा नवा संसार मांडून झाला होता, कडेवर मूल होतं. त्या रडत ओरडत असतानाही त्यांना उचललं. काहींना पुढे माहेरानंच दारात घेतलं नाही. देशाची अब्रू परत आणली म्हणे. त्या बाईचं काय परत आलं?

आणि लढायचं कोणाशी? कराची १९३६ पर्यंत आपल्याच मुंबई इलाख्यात होती. तिथल्या एका जुन्या शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाचं नाव आहे. काही मराठी कुटुंबं अजून तिथं राहतात, गणपती बसवतात. तिकडून घरदार सोडून आलेले सिंधी जळगावात दुकानं थाटून बसले. त्यांच्याकडून आपण लुगडं घेतो, तेव्हा आपल्याला सरहद्द आठवत नाही.

लढाईच्या आरोळ्या उठल्या की मात्र ती सरहद्द आपल्या आठवडे बाजारात येते. आपल्या तडवी बहिणीकडे बघायची नजर बदलते. तडवी म्हणजे सातपुड्यातले भिल्लच, त्यांच्या पूर्वजांनी इस्लाम स्वीकारला एवढंच. तिला कुणी म्हणतं, पाकिस्तानात जा. तिनं बापडीनं यावल-रावेरच्या पलीकडचं जग पाहिलेलं नाही!

"मग मारेकऱ्यांना सोडून द्यायचं का?" असं विचारतात. कोण म्हणतं सोडा? २००८ साली मुंबईत तुकाराम ओंबळेंनी जीव देऊन कसाबला जिवंत पकडवलं. त्याच्यावर उघड्या न्यायालयात खटला चालला, म्हणून कट कुठं शिजला ते जगासमोर आलं. हे काम तोफेनं झालं नसतं. तोफ माणसं निवडत नाही. मे २०२५ च्या त्या चार दिवसांत सीमेच्या दोन्ही बाजूंना घरात बसलेली माणसं मेली, लेकरं मेली. आणि जवान जातो तोही कुणाचा? २०१९ ला पुलवाम्यात ४० जवान गेले, त्यांतले दोघे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याचे. टीव्हीवर बसून 'घुसून मारा' म्हणणाऱ्यांच्या घरचा त्यांत कुणी होता का, एवढं विचारून बघा.

बायकांनी याआधीही वेगळी वाट धरली आहे. कारगिलच्या लढाईला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मार्च २००० मध्ये नागपूरच्या निर्मला देशपांडे बायकांची बस घेऊन लाहोरला गेल्या. देशद्रोही म्हणवून घ्यायची तयारी ठेवूनच जावं लागतं अशा वेळी. तिकडे अस्मा जहांगीर आणि त्यांच्या मैत्रिणींनी त्यांचं स्वागत केलं आणि थोड्याच दिवसांत त्या स्वतः बायकांना घेऊन दिल्लीला आल्या. त्यांनाही त्यांच्या देशात शिव्या खाव्या लागतच होत्या.

आपल्याला लाहोरची बस परवडायची नाही. पण गावात असा मोर्चा निघाला, तर आपल्या मंडळाच्या नावानं कुणी घोषणा द्यायची नाही, हे आज ठरवता येईल. त्या दिवशी मोहल्ल्यातल्या आणि तडवी वस्तीतल्या बायकांकडे दोघी-तिघींनी जाऊन बसायचं, हेही ठरवता येईल. कोण जाणार, त्यांची नावं आजच लिहून घेऊ.

मी थांबते. ज्यांना हे पटलं नाही त्यांनी आधी बोलावं. तावडीत बोला, अहिराणीत बोला, इथं सगळ्यांना समजतं.